अपघाताची तारीख बदलून क्लेम होत नसतो

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, हरकत नाही. पण ‘कॅशलेसचा बोर्ड लावून रोख पैसे उकळतात, गाडी दोन दिवस नुसती उभी ठेवली, दुसरा एजंट तारीख जुळवून देत होता तर यांनीच अडवलं’ असं आमच्या गॅरेजबद्दल लिहिलंत. कॅशलेस म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनी परस्पर गॅरेजला देते. इतर गिऱ्हाइकांचा गैरसमज होईल, म्हणून उत्तर देतोय.

तुळजापूर रोडवर तुमची गाडी रिक्षाला धडकली. आम्ही ती टोचन करून अक्कलकोट रोडला आणली आणि पॉलिसी मागितली. तुम्ही म्हणालात, “शोरूममधूनच तीन वर्षांचा इन्शुरन्स काढलाय.” इथेच बरेच जण फसतात. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा विमा सक्तीचा झाला, तो फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग सहसा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर दोन्हींच्या मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात, आपण लांबची तेवढी बघतो. तुमचा ओन डॅमेज गेल्या महिन्यातच संपला होता. मग कॅशलेस करणार कशावर?

आता तारीख जुळवण्याचं. 1938 च्या विमा कायद्यात कलम 64 व्हीबी आहे: आधी प्रीमियम, मगच जोखीम. आणि विम्यात खंड पडला की ओन डॅमेज देण्याआधी कंपनी गाडीची तपासणी मागते. म्हणजे एजंटचं ऐकायचं तर आता नवा ओन डॅमेज काढायचा, त्यासाठी तपासणीत ठोकलेली गाडी धडधाकट दाखवायची आणि चार दिवसांनी ‘आज अपघात झाला’ म्हणायचं. तुमच्या फुटलेल्या रेडिएटरचं हिरवं कूलंट बंपरच्या जाळीत वाळून त्यावर धूळ बसली होती. हा मार आजचा नाही, हे आमच्याकडचा नवा पोरगाही सांगेल. क्लेमसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर तर त्याचीच भाकरी खातो. शिवाय टोचनची पावती आहे, आमच्या गेटवरचा कॅमेरा आहे. क्लेम तर फेटाळला जाईलच, वर फसवणुकीचं लफडं तुमच्याही गळ्यात आणि आमच्याही. तो एजंट तेव्हा फोनसुद्धा उचलणार नाही.

गाडी दोन दिवस उभी होती, कारण एस्टिमेटला तुमचा होकार येत नव्हता. विचारल्याशिवाय आम्ही पाना लावत नाही. आणि पैसे खिशातून जाणार म्हणूनच नवा बंपर न टाकता जुन्याला प्लॅस्टिक वेल्डिंग केलं, हेडलाइटचा फक्त ब्रॅकेट बदलला. बिल घेऊन या, एकेक ओळ समजावून सांगतो.

रिक्षावाल्याला तुम्ही जागेवर पैसे दिलेत, ते दिलेत. पण तुमची थर्ड पार्टी अजून चालू आहे, हे विसरू नका. उद्या त्यानं इजेचा दावा लावला तर परस्पर मिटवायला जाऊ नका, लगेच कंपनीला लेखी कळवा. ती पॉलिसीही संपलेली असती तर भरपाई घरातून द्यावी लागली असती, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 196 खाली पहिल्या गुन्ह्यालाच 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही.

आणि एक काम तातडीचं. मुदत संपल्यापासून 90 दिवसांत ओन डॅमेज पुन्हा घेतलात तर पहिल्या वर्षाचा 20 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शाबूत राहतो. गाडी आता दुरुस्त आहे, तपासणीत अडचण येऊ नये. फोटो काढायला आमच्याकडे आणा, त्याचे पैसे घेणार नाही. रविवारी गॅरेज बंद असतं, तेवढं बघून या.