शंभर ग्रॅम पानं खातं कोण?

थाई स्वयंपाकातल्या मक्रूट लिंबाच्या पानांत 'क' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरपूर, असं मी वाचलेल्या एका लेखात दर १०० ग्रॅमचा हिशेब मांडून म्हटलंय. पण १०० ग्रॅम पानं खातं कोण? आमच्या गच्चीत या लिंबाची कुंडी आहे. एकापुढे एक चिकटवल्यासारखं दिसणारं ते जोडपान काट्यावर जेमतेम ग्रॅमभर भरतं. टोम यम या आंबट-तिखट थाई सूपच्या पातेल्यात अशी तीन-चार पडतात, तीही चघळवत नाहीत म्हणून ताटाच्या कडेला जातात. 'क' जीवनसत्त्व पाण्यात उतरतं हे खरं, पण उकळीत त्यातलं बरंच नष्टही होतं. मग पोटात जातं किती?

पानेंग या दाट थाई करीवर मधली शीर काढून केसासारखी बारीक चिरलेली पानं पेरतात, ती मात्र खरंच खाल्ली जातात. तीही चिमूटभरच, म्हणा! या पानाची खरी कमाई म्हणजे त्याचं तेल. त्यात सिट्रोनेलाल हा सुगंधी घटक सर्वाधिक, म्हणून पान चुरगळलं की गवती चहाच्या जवळ जाणारा वास दरवळतो. त्याबद्दल लेखात एक ओळही नाही! जीवनसत्त्वच हवं असेल तर सरळ पेरू खावा.