आजार की वेगळेपण? पंगतीत निकाल लावण्याची रीत

समारंभात ऑटिझम असलेलं मूल आणि त्याची आई दिसली की तुम्ही गप्प बसून कसं चालेल? गेल्या रविवारी एका मुंजीत मला या समाजसेवेचा पुन्हा लाभ झाला. ताजं आहे तोवर लिहून ठेवते, तुम्हाला उपयोगी पडेल.

सुरुवात आइन्स्टाइनपासून करावी.

मग पाच वर्षांचा होईपर्यंत अजिबात न बोललेला आणि आता कॅलिफोर्नियात असलेला तुमच्या नात्यातला मुलगा काढावा. नसेल तर तयार करावा.

कारण आईतच शोधावं. परंपरा जुनी आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली ऑटिझम असलेल्या अकरा मुलांचं वर्णन छापलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेतले तज्ज्ञसुद्धा आईची माया थंड म्हणून मूल असं, हेच सांगत होते. तुम्ही तर नुसतं 'नोकरी सोडायला हवी होतीस गं' एवढंच म्हणता. लसही हाताशी ठेवावी. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा डॉक्टर वेकफिल्डचा 1998 चा तो लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 साली मागे घेतला, वेकफिल्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. व्हॉट्सॲपने मात्र अजून मागे घेतलेला नाही.

गहू आणि दूध बंद करायला सांगावं, शक्यतो ताटात बासुंदी वाढली जात असताना.

आता खरी कला. 'डिसऑर्डर' म्हणजे आजार आणि 'डिफरन्स' म्हणजे वेगळेपण, हे दोन्ही शब्द खिशात ठेवावेत आणि समोरची बाई काय मागतेय ते बघून एक काढावा. शाळेत प्रवेश मागितला की डिसऑर्डर: 'आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही हो, बाकीचे पालक तक्रार करतात.' कसाबसा प्रवेश मिळवून तिने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस, मागितली, परीक्षेला जादा वेळ मागितला, की लगेच डिफरन्स: 'अहो, प्रत्येक मूल वेगळंच असतं, लेबल कशाला लावताय?' तेच लेबल कागदावर आणा म्हणून पुन्हा हेच सांगणार. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांमध्ये ऑटिझम आहे, म्हणून आम्ही सर्टिफिकेट काढायला गेलो सरकारी रुग्णालयात. तिसरी खेप. ट्यूबलाइट फडफडतेय, माझा मुलगा कान दाबून गोल फिरतोय, समोर चाळीस प्रश्नांची चाचणी. आणि घरी रोज 'माझा मुलगा वेगळा आहे, कमी नाही' म्हणणारी मी तिथे देवाला विनवतेय की आज याला काहीही जमू देऊ नकोस, दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली आलं तर सवलती गेल्या. आईला स्वतःच्या पोराचं वाईट चिंतायला लावतात हो हे लोक! आणि सर्टिफिकेट हातात घेऊन घरी आलं की, 'कशाला शिक्का मारून घेतलास?'

त्याला शहरातल्या बसचे मार्ग नंबरासकट पाठ आहेत. रात्री तीनला तो स्वतःचं मनगट चावतो. यातल्या कशाला काय म्हणायचं ते मला पंगतीत शिकवू नका.

मुंजीतल्या काकांनी शिकवलं. अर्धा तास. हा आजार नाही, हे वेगळेपण, समाजाने स्वीकारलं पाहिजे. छान बोलले, मी मानही डोलावली. मग मंगलाष्टकं संपली, शेवटचं 'सावधान' झालं, बँड सुरू झाला आणि त्याच क्षणी काकांनी माझ्या मुलाच्या कानांवरचे आवाज अडवणारे निळे हेडफोन ओढून काढले. 'बटूला आशीर्वाद देताना हे काय कानाला?' तो खाली बसला. केसांत अक्षता, कपाळ फरशीवर आपटतोय, मी खाली हात घालतेय. वरून काकांचा आवाज: 'याला चांगल्या डॉक्टरला दाखवा बाई.'

काका, बँडची एक धून संपायच्या आत तुम्ही वेगळेपणाचा आजार केलात. लाज वाटायला हवी होती. तुमचं भाषण कुणी मागितलं नव्हतं, हेडफोन तेवढे होते तिथे राहू द्यायचे होते. परत त्याच्या कानाला हात लावलात तर वयाचा मान ठेवणार नाही मी. आणि हेडफोनच्या डाव्या कानाची उशी तुमच्या हातात राहिली, ती पाठवून द्या.