त्या एका गोळीसाठी उरलेले केमो सोडू नका

महिन्याभरात हाडाच्या कॅन्सरवरच्या एका गोळीचा मेसेज मला चार ग्रुपमधून आला. वाडीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा, भजनी मंडळाचा आणि चौथा चक्क आम्हा औषधविक्रेत्यांचा. पहिल्या तीन वेळा मी तो पुसून टाकला. मग गेल्या आठवड्यात तोच मेसेज घेऊन एक गृहस्थ माझ्या दुकानात आले. कुडाळच्या बाजूला माझं औषधाचं दुकान आहे. त्यांनी फोन काउंटरच्या काचेवर ठेवला आणि विचारलं, “ह्यां औषध गावतला काय ओ तुमच्याकडे?”

स्क्रीनवर एका पाकिटाचा धूसर फोटो होता, नाव वाचता येत नव्हतं. बाहेर रिक्षात त्यांचा मुलगा बसला होता. वय पंधरा, डोक्यावर टोपी, एक पाय सीटवर आडवा सरळ ठेवलेला. मुंबईला गुडघ्याच्या वरच्या हाडातली गाठ काढून तिथे धातूचा सांधा बसवलेला, त्यामुळे गुडघा अजून पुरता वळत नाही. चार केमो बाकी होते. वडिलांना ते चार केमो टाळता येतील का, हे बघायचं होतं.

मेसेज थोडक्यात असा: “हाडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या मुलांसाठी आनंदाची बातमी. दोन वर्षं रोज एक गोळी, कॅन्सर परत येतच नाही. परदेशात सिद्ध झालंय. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना असंच देतात, पण केमोचा धंदा बुडेल म्हणून हाडाच्या कॅन्सरला डॉक्टर सांगत नाहीत. गोळी सुरू केली की उरलेले केमो नकोत. साइड इफेक्ट शून्य. सारखे छातीचे सीटी काढू नका, त्यानेच कॅन्सर होतो.” खाली एक मोबाइल नंबर, आणि घरपोच मिळेल अशी ओळ.

मी मेसेजच्या क्रमाने जात नाही. ज्या वाक्याने मूल दगावू शकतं, ते आधी घेतो.

“उरलेले केमो नकोत.”

मुलांमध्ये आणि वयात येणाऱ्या पोरांमध्ये हाडाचा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. उंची भराभर वाढते त्या वयात, बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास. १९७०च्या आधी यावर मुख्य उपाय एकच होता, पाय कापणं. पाय कापूनही बहुतेक मुलांच्या छातीत काही महिन्यांत गाठी दिसायच्या. याचं कारण असं की गाठ सापडते त्या दिवशीच तिच्या पेशी रक्तातून फुप्फुसात जाऊन बसलेल्या असतात. इतक्या बारीक की सीटीतही दिसत नाहीत. सर्जन पायातली गाठ काढतो. फुप्फुसातल्या त्या पेशींपर्यंत त्याचा हात पोचत नाही, तिथे फक्त केमो पोचते.

हे नुसतं अनुमान नाही. अमेरिकेत याची थेट तुलना झाली आणि १९८६ साली ती छापून आली. ऑपरेशननंतर एका गटाला केमो, दुसऱ्याला फक्त लक्ष ठेवणं. दोन वर्षांनी केमो न घेतलेल्यांपैकी १७ टक्के जण आजारातून मोकळे होते, केमो घेतलेल्यांपैकी ६६ टक्के. कॅन्सरच्या औषधांच्या अभ्यासात एवढा फरक क्वचित दिसतो.

ते गृहस्थ देवगडकडचे, हापूसचे बागायतदार. मी त्यांना विचारलं, मोहोरावर तुडतुडा असताना दुसरी फवारणी चुकली तर काय करता? म्हणाले, “करतलंव काय? फळच धरणा नाय.” मी म्हटलं, मग मुलाच्या बाबतीत चार फवारण्या का सोडताय? ते काही बोलले नाहीत. फोन मात्र काचेवरून उचलून खिशात टाकला.

आपल्याकडे हे सोडणं नेहमी मेसेजमुळेच होतं असंही नाही. “गणपती होऊदे, मगे जावया.” “शिमगो झालो की बघू.” तारीख एक आठवडा पुढे, मग दोन, मग पावसात गाडी रखडली म्हणून आणखी एक. रक्तातल्या पेशी कमी झाल्या म्हणून डॉक्टर स्वतः केमो पुढे ढकलतात, ती गोष्ट वेगळी. त्यात त्यांचं लक्ष असतं. आपण घरी बसून ढकलतो तेव्हा कुणाचंच नसतं.

“परदेशात सिद्ध झालंय.”

परदेशात शोध झाला, हे खरं. पण फायदा सिद्ध झाला नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुख्य उपचार संपल्यावर आजार परत येऊ नये म्हणून महिनोन् महिने सौम्य औषध चालू ठेवायचं, याला मेंटेनन्स म्हणतात. ऑस्टिओसार्कोमासाठी ही कल्पना जगभर मनापासून तपासली गेली. सर्वांत मोठा अभ्यास युरॅमॉस. १७ देश, २,२६० रुग्ण, २००५ ते २०११ या काळात नोंदवलेले. ऑपरेशनच्या आधीच्या केमोला ज्यांच्या गाठीने चांगली दाद दिली, अशा ७१६ जणांचे दोन गट केले. एकाला नेहमीची केमो. दुसऱ्याला तीच केमो आणि त्यानंतर आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन. तीन वर्षांनी आजार न उलटलेले पहिल्या गटात ७४ टक्के, दुसऱ्यात ७७. आकड्यांच्या हिशोबात हा फरक धरण्याजोगा नव्हता. वर पुष्कळ मुलांना ते इंजेक्शन सोसलं नाही, मध्येच थांबवावं लागलं.

फ्रान्समध्ये झोलेड्रॉनिक ॲसिड हे हाडांचं औषध केमोबरोबर देऊन पाहिलं, ३१८ रुग्णांवर. फायदा दिसेना म्हणून नवे रुग्ण घेणं थांबवलं. लॅटिन अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सायक्लोफॉस्फमाइड आणि मेथोट्रेक्सेट रोज थोड्या मात्रेत तोंडाने, दीर्घकाळ देऊन पाहिलं. मेसेजमधल्या कल्पनेच्या अगदी जवळ जाणारा प्रयोग हाच. २०१७ साली निकाल छापला: आजार उलटण्यात फरक नाही. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सनेही, उपचारांना न जुमानणाऱ्या गाठी असलेल्या मुलांना थोड्या मात्रेची तोंडाने घ्यायची औषधं देऊन पाहिली. दुसऱ्या गटाला दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. एकूण निकालात दोन्ही गट सारखेच.

मग ‘रोज एक गोळी’ आली कुठून? माझा अंदाज रेगोराफेनिब नावाच्या कॅन्सरच्या गोळीचा आहे. फ्रान्समधला २०१९चा अभ्यास, ऑस्टिओसार्कोमाचे ३८ रुग्ण. केमो घेऊनही आजार परत येऊन पसरलेला, अशांपैकी काहींना ही गोळी दिली, काहींना औषध नसलेली. ही गोळी घेणाऱ्यांतल्या निम्म्या जणांचा आजार वाढायला साधारण सोळा आठवडे लागले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतल्या निम्म्यांचा चार आठवड्यांतच वाढला. हा फायदा खरा आहे, आणि ज्यांच्या हातात दुसरं काही उरलं नव्हतं त्यांच्यासाठी मोठा आहे. पण सोळा आठवडे आजार थोपवला, यावरून बऱ्या होऊ घातलेल्या मुलाला तो परत होणारच नाही, असं निघत नाही. शिवाय त्या रुग्णांनी ही गोळी केमो झाल्यानंतर घेतली होती, केमो सोडून नव्हे. केमो पुरी झाल्यावर मेंटेनन्स म्हणून ही गोळी देऊन बघण्याची चाचणीही हाती घेतलेली आहे. उत्तर माहीत असतं तर चाचणी लागली नसती.

कुणी जाणकार म्हणेल, युरोपात या कॅन्सरसाठी मिफामुर्टाइड हे औषध मंजूर आहे, त्याचं काय? आहे, २००९पासून. एका मोठ्या अभ्यासात ते केमोला जोडल्यावर सहा वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ७०वरून ७८ टक्क्यांवर गेलं. पण आजार न उलटण्याच्या मोजमापात तेवढा स्पष्ट फायदा दिसला नाही, आणि अमेरिकेने त्याला मंजुरी दिली नाही. डॉक्टरांमध्ये यावर प्रामाणिक मतभेद आहेत. तरी लक्षात घ्या, ते शिरेतून देतात, ३६ आठवड्यांत ४८ वेळा, आणि केमोच्या जोडीला. ती घरपोच येणारी गोळी नाही.

“रक्ताच्या कॅन्सरला देतात, मग इथे का लपवतात?”

हा प्रश्न बापाच्या मनात येणं मला पूर्ण समजतं. त्यांच्याच वाडीतल्या एका मुलीने रक्ताच्या कॅन्सरसाठी दीडदोन वर्षं गोळ्या घेतल्या आणि आज ती शाळेत जाते. त्या गोळ्या मीच दिल्या आहेत: रोज मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. लहान मुलांच्या त्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये मेंटेनन्स हा उपचाराचा कणा आहे.

पण मेथोट्रेक्सेटचंच उदाहरण घ्या. रक्ताच्या कॅन्सरच्या मेंटेनन्समध्ये शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण २० मिलिग्रॅम, आठवड्याला. ऑस्टिओसार्कोमात जिथे हे औषध वापरतात तिथे दर चौरस मीटरला १२ ग्रॅम. सहाशे पट. सलाइनमधून, वॉर्डात, रक्तातली पातळी पुनःपुन्हा मोजत, आणि नंतर ल्युकोव्होरिन हे उतारा देणारं औषध वेळेवर देत. तेवढी मात्रा दिल्याशिवाय या पेशी दाद देत नाहीत. औषधाचं नाव एकच असलं तरी आजार एक होत नाही. (तुमच्या मुलाला मेथोट्रेक्सेट दिलंच नसेल तर घाबरू नका. टाटा हॉस्पिटलची ओजीएस-१२ नावाची स्वतःची पद्धत आहे, तिच्यात डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फमाइड असतं, मोठ्या मात्रेतलं मेथोट्रेक्सेट नसतं.)

आणि लपवण्याबद्दल. रॅब्डोमायोसार्कोमा हा मुलांच्या स्नायूंसारख्या मऊ भागातला कॅन्सर. त्यात जास्त धोक्याच्या गटातल्या ३७१ रुग्णांवर युरोपात मेंटेनन्स तपासलं: सहा महिने, शिरेतून व्हिनोरेल्बिन आणि तोंडाने थोडं सायक्लोफॉस्फमाइड. पाच वर्षांनी हयात असलेले ७३.७ टक्क्यांवरून ८६.५ टक्क्यांवर गेले. २०१९ साली हे छापून आलं आणि त्यानंतर डॉक्टर ते देऊ लागले. स्वस्त, जुनी औषधं आहेत ही. लपवायचं असतं तर हीच लपवली असती. जिथे फायदा दिसला तिथे देतात. हाडाच्या बाबतीत तो अजून दिसलेला नाही.

“साइड इफेक्ट शून्य.”

रेगोराफेनिबने तळहात-तळपायांची कातडी सोलवटते, रक्तदाब वाढतो, जुलाब होतात, जखम भरायला वेळ लागतो. यकृताला इजा होऊ शकते, आणि ती जिवावर बेतलेली उदाहरणं असल्याने औषधाच्या माहितीपत्रकात तसा ठळक इशारा असतो. नुकतं ऑपरेशन झालेल्या पोराला हे औषध फोनवर मागवून द्यायचं? कुणाच्या चिठ्ठीवर, किती मात्रेत? मी औषध विकून पोट भरतो, तरी सांगतो: नाव न वाचता येणारं पाकीट घरात घेऊ नका.

“सीटी काढू नका.”

ऑस्टिओसार्कोमा उलटला तर बहुतेक वेळा फुप्फुसात उलटतो, आणि बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत. म्हणूनच सुरुवातीला दर दोन-तीन महिन्यांनी बोलावतात. खोकला, धाप सुरू होईपर्यंत थांबलात तर गाठी पुष्कळ झालेल्या असतात. एक-दोन लहान असताना दिसल्या तर सर्जन त्या कापून काढू शकतो, आणि सगळ्या काढता आल्या तर साधारण तिघांमागे एक जण पुढे वर्षानुवर्षं जगतो. काढता आल्या नाहीत तर ती आशा जवळजवळ राहत नाही. सगळा फरक त्या वेळेवर काढलेल्या फोटोचा आहे.

किरणांचं म्हणाल तर छातीचा साधा एक्स-रे म्हणजे आपल्याला निसर्गातून दहा दिवसांत मिळतात तेवढे किरण. सीटीत त्याहून बरेच जास्त असतात, आणि डॉक्टरांनाही ते ठाऊक असतं, म्हणून कधी एक्स-रे आणि कधी सीटी हे ते ठरवतात. या आजारातून उठलेल्या मुलापुढचा आजार उलटण्याचा धोका त्या किरणांच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. दर वेळी मुंबई गाठणं जड जात असेल तर तपासणी सोडू नका. ओरोसला किंवा रत्नागिरीला एक्स-रे काढून फिल्म पाठवली तर चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा.

त्या गृहस्थांशी बोलताना आणखी दोन गोष्टी मी एका चिठ्ठीवर लिहून दिल्या. केमो चालू असताना ताप १००.४च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. पावसात आपल्याकडे ताप आला की आधी लेप्टोचा विचार होतो, म्हणून डॉक्टरला दारातच सांगायचं, मुलाची केमो चालू आहे. दुसरी गोष्ट अशी की तुमच्या हॉस्पिटलने एखाद्या चाचणीत भाग घ्याल का विचारलं, तर तो मार्ग वेगळा. तिथे लेखी संमती घेतात, मुलावर बारीक नजर असते, चाचणीच्या औषधाचे पैसे साधारणपणे मागत नाहीत. विचारायला हरकत नाही, आणि नाही म्हणायलाही नाही.

पैशांचा विषय त्यांनी शेवटी काढला, जरा संकोचाने. उपचार महात्मा फुले योजनेतून चालले होते, पण येण्याजाण्याचं भाडं प्रत्येक वेळी खिशातून जात होतं, कारण रेल्वेच्या सवलतीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलच्या सहीशिक्क्याचा ठरावीक फॉर्म लागतो, तो तिकीट काढताना खिडकीवर द्यायचा. तुतारी एक्स्प्रेस दादरला सोडते, तिथून परळचं टाटा हॉस्पिटल जवळ. पुढच्या तारखेला जाल तेव्हा वॉर्डातून तो फॉर्म आधी भरून घ्या.