टीव्ही नाही, रेडिओ नाही, तरी २५७ युरो

माझ्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एक लॅपटॉप आणि घरून आणलेला कुकर आहे. टीव्ही नाही, रेडिओ नाही. तरी परवा टपालपेटीत पत्र: १४ महिन्यांचे २५७ युरो ४ सेंट भरा. कशाचे? प्रसारण शुल्काचे, म्हणजे इथल्या सार्वजनिक टीव्ही-रेडिओसाठी घेतात त्या पैशांचे!

थकबाकी म्हणे. अरे, मागितलेच कधी होते म्हणून थकले? जर्मनीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात आनमेल्डुंग केलं, म्हणजे पालिकेत पत्ता नोंदवला. तिथे कुणी चकार शब्द काढला नाही. तिथूनच नाव-पत्ता वसुलीवाल्यांकडे जातो, आणि पैसे मात्र राहायला आल्याच्या महिन्यापासून मोजतात.

पूर्वी निदान यंत्र तरी बघायचे. २००७ पासून इंटरनेट असलेला कॉम्प्युटरही रेडिओ धरला, तेव्हाच लोक चिडले होते. मग १ जानेवारी २०१३ पासून तो प्रश्नच निकालात काढला: यंत्र असो-नसो, दर घरामागे शुल्क. आता महिन्याला १८ युरो ३६ सेंट. घटना न्यायालयानेही २०१८ मध्ये हे उचलून धरलं. बघण्याची सोय आहे ना, मग द्या पैसे. सुटका झाली ती दुसरं घर असणाऱ्यांची, कारण एका माणसाला दोनदा भुर्दंड नको! ज्याच्याकडे दोन घरं आहेत त्याची काळजी घेतली, आणि एका खोलीत राहणाऱ्या मुलीला पूर्ण रक्कम. बाजारातून चालत गेलीस ना, मग भाजीचे पैसे टाक, असा हा प्रकार आहे.

सगळ्यात जास्त डोकं कशाने फिरतं सांगू? चार माणसांच्या बंगल्याला १८.३६ आणि माझ्या एका खोलीलाही १८.३६. मिळकत कुणी विचारत नाही. बाफोग, म्हणजे सरकारी शिक्षणसाहाय्य, घेणाऱ्या मुलांना अर्ज केला की माफी मिळते. परदेशातून आलेल्या माझ्यासारखीला ते साहाय्यच मिळत नाही, म्हणून ती माफीही नाही. आठवड्याला वीस तास कॅफेत कपबशा विसळून मी भाडं भरते. २५७ युरो म्हणजे माझं निम्म्याहून जास्त भाडं!

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आमच्या लहानपणी पोस्टात रेडिओचं लायसन्स काढायला लागायचं, पण घरात रेडिओ होता म्हणून!" तेच तर म्हणतेय मी. ब्रिटनमध्येसुद्धा चालू प्रक्षेपण किंवा बीबीसीची ऑनलाइन सेवा आयप्लेअर बघत नसाल तर नुसत्या इंटरनेटसाठी लायसन्स लागत नाही. फ्रान्सने तर २०२२ मध्ये हे शुल्कच बंद केलं.

आणि नाही भरलं तर? आधी दंड, मग थेट बँक खात्यावर जप्ती. व्हिसावर राहणाऱ्या पोरीने ही जोखीम घ्यायची तरी कशी?

नव्याने येणाऱ्यांनो, चारजणांत घर घेतलं असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, आधीपासून कोण भरतंय, आणि त्याचा शुल्क क्रमांक लिहून घ्या. एका घराला एकदाच भरायचं असतं. मी एकटी राहते, मला तेही नाही. काल रात्री पैसे पाठवले. पुढच्या तिमाहीचे ५५ युरो ८ सेंट आत्तापासून बाजूला काढायला घेतलेत.