चपला न झिजवता सेल्समन कसं व्हावं

सेल्सच्या नोकरीला नवीन लागला असाल तर आधी अभिनंदन. आता पहिलं काम करा: माल विकायला दुकानात जावं लागतं, हे खूळ डोक्यातून काढा. तो जमाना लुनासोबत गेला. आज तुमच्या हातात कंपनीचं ॲप आहे, ॲपात बीट आहे, म्हणजे त्या दिवशी फिरायचा भाग, आणि बीटमध्ये चाळीस दुकानं आहेत. आणि त्याच मोबाईलमध्ये दुसरं एक ॲप आहे, जे नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर बसलेल्या माणसाला इतवारीच्या बाजारात उभं करून दाखवतं. विज्ञान इतकं पुढे गेलं असताना तुम्ही घाम का गाळावा?

त्यातून नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, गाडीची सीट अशी तापलेली की बसल्याबरोबर उठावं. अशा उन्हात महालापासून सक्करदऱ्यापर्यंत दुकानं पालथी घालणं हे काही शहाण्याचं काम नाही. सकाळी डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये मीटिंगला तोंड दाखवावं, साहेब ‘आज लाईन्स वाढल्या पाहिजे’ (म्हणजे बिलात जास्त प्रकारचा माल) म्हणाले की सगळ्यात आधी आपली मान हलवावी आणि तिथून थेट तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जावं. तर्री दुसऱ्यांदा मागून घ्यावी. दिवसभरातली तीच एक ऑर्डर खरी असते.

बाकीच्या ऑर्डरी झाडाखाली बसून टाकायच्या. कोणत्या दुकानात काय खपतं हे माहीत नसलं तरी बिघडत नाही. मागच्या महिन्याचं बिल ॲपात असतंच, तेच परत ठोकायचं. ज्या दुकानाचं शटर दोन वर्षांपासून पडलेलं आहे तिथंही चार-सहा पाकिटं टाकावीत. बंद दुकानाचा मालक कधी तक्रार करत नाही. दुसऱ्या दिवशी डिलिव्हरीवाला माल घेऊन जाईल, दुकानदार म्हणेल ‘मी काही सांगितलंच नाही’, आणि टेम्पो भरलेला परत येईल. येऊ द्या. तोवर ॲपात तुमचा कॉल प्रॉडक्टिव्ह, म्हणजे ऑर्डर मिळालेली भेट, लागलेला असतो.

यात थोडी मेहनत आहे, हे मी लपवत नाही. मी स्वतः त्यासाठी एक वेगळी वही ठेवली होती. कोणाला काय थाप मारली, कोणत्या दिवशी गाडी पंक्चर झाली, आजोबा कधी वारले. एका तिमाहीत माझे दोन आजोबा मिळून तीनदा वारले, तेव्हा वही नसती तर घोटाळाच झाला असता. रात्री जेवण झाल्यावर तासभर मी ती लिहीत बसायचो. तेवढ्या वेळात अर्धं बीट फिरून झालं असतं, असं बायको म्हणायची. बायकांना सेल्समधलं काय कळतं!

सावध राहायचं ते मेहनती माणसांपासून. आमच्यात एक सीनियर होते. दुकानात शिरले की आधी खिशातून फडकं काढायचे. बरण्या पुसायचे, मागचा जुना माल पुढे ओढायचे, नवा मागे सारायचे, मग वाकून खालच्या फळीवरची पाकिटं बोटानं मोजायचे. दुकानदार म्हणाला, ‘दोन डझन टाका’, की हे म्हणणार, ‘अठराच घ्या भाऊ, सहा खाली पडून आहेत, तुम्हाले दिसून नाही राह्यले.’ आता सांगा! गिऱ्हाईक चोवीस मागतंय आणि हा बाबा अठरा देतो. अशानं टार्गेट कसं व्हायचं? व्हायचं मात्र, दर महिन्याला, पंचवीस तारखेच्या आत. त्याला आम्ही नशीब म्हणायचो.

आपल्यासारख्यांचं टार्गेट तीस तारखेला संध्याकाळी व्हायला लागतं. इथं थोडं शास्त्र समजून घ्या. कंपनीनं डिस्ट्रिब्युटरवर बिल फाडलं की ती प्रायमरी. डिस्ट्रिब्युटरचा माल दुकानात गेला की ती सेकंडरी. आणि गिऱ्हाइकानं दुकानातून पुडा घरी नेऊन फोडला, याचं इन्सेंटिव्ह कोणत्याच सेल्समनला मिळत नाही. म्हणून आपण तिकडे बघायचं नाही. माल दुकानात कोंबायचा. बारावर एक फ्री सांगायचं, आणि तरी काका नाही-नाही म्हणाले तर ब्रह्मास्त्र काढायचं: ‘ठेवून तर घ्या, नाही खपलं तर मी आहे ना.’ पाहिजे तर तसं चिठ्ठीवर लिहूनही द्यावं. कागदाला काय पैसे पडतात?

२२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. ज्यांच्याकडे जुन्या किमतीचा माल छतापर्यंत रचला होता, त्या सगळ्यांना एकदमच ‘मी आहे ना’ आठवला. अशा वेळी फोन सायलेंटवर टाकावा. आमचे सीनियर वेड्यासारखे दुकानोदुकानी जुन्या एमआरपीचे नग मोजत हिंडत होते, फरकाच्या भरपाईचे क्लेम लिहून घेत होते. त्यांच्या दुकानांत मुळात रास नव्हतीच, म्हणून तेही त्यांचं लवकर आटोपलं. नशीब, दुसरं काय.

नोकरीत मन रमलं नाही तर साखळीचा धंदा आहेच. कोणीतरी मित्र बर्डीवर चहाला बोलावतो, वहीवर एक गोल काढतो, त्याखाली दोन, त्याखाली चार. तुम्ही फक्त दोन माणसं जोडायची. कायद्याची फिकीर नको, १९७८ पासून बंदी आहे तरी गोल काढणं काही थांबलेलं नाही. हिशोब मात्र त्याच्यासमोर करू नका. दोन-दोन जोडत गेलं तर एकविसाव्या पायरीवरच वीस लाखांच्या वर माणसं लागतात, आणि २०११ च्या जनगणनेत अख्खं नागपूर चोवीस लाखांचं. पुढच्या पायरीला कामठी-हिंगणा धरूनही भागत नाही. आणि त्या चहाचे पैसे बहुधा तुम्हीच देता.

शेवटची युक्ती सगळ्यात मोलाची: वेळेवर कंपनी बदला. बिस्किटाची मुदत साधारण सहा महिन्यांची. मार्चअखेर कोंबलेला माल पोळ्याच्या सुमारास बाहेर निघायला लागतो, त्याआधी आपण बाहेर निघावं. मी हे तंतोतंत पाळलं. जूनमध्ये नवी कंपनी, नवी बॅग, पगार दोन हजारांनी जास्त. नव्या साहेबांनी बीट वाटून दिली. माझ्या वाट्याला इतवारी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत असते, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत मोठ्या बाहुल्यांची मिरवणूक. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि सोबत ज्याच्या त्याच्या नावानं बडगे, म्हणजे पुतळे. साहेब बाहेरगावचे, त्यांना काय ठाऊक. बीट म्हणजे बीट. नव्या ॲपाला चकवा द्यायचं अजून जमलं नव्हतं, म्हणून खरंच गेलो. गर्दीतून वाट काढत ओळखीच्या दुकानाची पायरी चढलो. काकांनी चष्म्यावरून पाहिलं, शर्टावरचं नाव वाचलं.

‘कंपनी बदलली वाटते बाबू.’

‘हो ना काका. नवीन स्कीम आणली तुमच्यासाठी, बारावर...’

काका खाली वाकले. सुतळीनं बांधलेला एक खोका काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. सुतळीत घडी केलेली चिठ्ठी खोचलेली होती. अक्षर माझं, सही माझी, तारीख ३१ मार्च.

बाहेर पोरं घसा फाडून ओरडत होती, ‘घेऊन जाऽऽ गे मारबत!’

‘आयकून राह्यला ना?’ काका म्हणाले.