धनुष्य ३६० पौंडांचं, भाडं १५० चं

मंदार इंग्लंडमधल्या एका कारागिराकडून हाताने घडवलेला लॉन्गबो, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं लाकडी धनुष्य, मागवतोय. धनुष्याचे ३६० पौंड आणि ते मुंबईत पोचवायचे १५०. शनिवारी रात्री लालबागला चिवडा गल्लीच्या कोपऱ्यावर त्याने हा दुसरा आकडा वाचून दाखवला आणि तिथून जी जुंपली, ती समोरचं शेवटचं शटर खाली येईपर्यंत. असाच हिशेब आणखी कुणी मांडत बसलं असेल तर त्याला उपयोग होईल म्हणून बोलणं झालं तसं लिहून काढतोय. मध्ये मध्ये माझं मत येईल. या विषयात मला मत आहे आणि ते लपवायची इच्छा नाही.

पहिला तापला विनायक. "लूट आहे ही! धनुष्याचं वजन किती? किलोभर तरी आहे का?"

"सात-आठशे ग्रॅम," मंदार म्हणाला.

"मग दीडशे पौंड कसले घेतो हा माणूस?"

प्रशांत सहारला विमानतळाच्या कार्गोत कस्टम क्लिअरिंगचं काम करतो. त्याने मंदारला एवढंच विचारलं, "पॅकिंगच्या पाइपचं माप काय दिलंय?"

"दोन मीटर लांब, बारा सेंटिमीटर जाड."

"मग ऐक विन्या. कुरिअरवाले दोन वजनं काढतात, एक काट्यावरचं आणि एक मापाचं. जे जास्त भरेल त्याचे पैसे. २०० गुणिले १२ गुणिले १२, भागिले ५०००. होतात ५.७६. वर ओढून सहा किलो. गोल पाइप असला तरी माप चौकोनी खोक्याचं धरतात. त्यावर लांब मालाचा अधिभार वेगळा, कारण असला नग पट्ट्यावरून सरळ जात नाही, माणसाला हाताने उचलावा लागतो. यातला एक पैसा त्या कारागिराच्या खिशात जात नाही."

"पोस्टाने पाठव म्हणावं."

"परदेशी पार्सलला बऱ्याच देशांचं पोस्ट दीड मीटरच्या वर लांबी घेत नाही. नुसतं धनुष्यच सहा फूट, म्हणजे एक मीटर ८३. खिडकीवरूनच परत येईल."

विनायकचं म्हणणं, मग धनुष्यच आखूड घे. इथे मला राहवलं नाही. लॉन्गबो लांब असतो तो मिरवण्यासाठी नाही. त्याच्या भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, अरुंद आणि जाड असतात. अशी काठी आखूड ठेवून कानापर्यंत ओढली तर पोटाकडचं (मारणाऱ्याच्या बाजूचं) लाकूड चुरडतं नाहीतर पाठीकडचं (बाहेरच्या बाजूचं) फाटतं. लांबी वाढवली की वाक सगळीकडे वाटला जातो. 'मेरी रोझ' नावाचं इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यात शंभराहून जास्त अखंड धनुष्यं सापडली, साधारण १ मीटर ८७ पासून २ मीटर ११ पर्यंत लांबीची. लढाईत वापरलेल्या लॉन्गबोंचं एवढं मोठं घबाड दुसरं नाही. तेव्हा लांबीवर कात्री चालवायची तर मग लॉन्गबो घ्यायचाच कशाला?

आणि धनुष्याच्या लाकडाचं भाडं ही कटकट आजची नाही. यू नावाच्या झाडाचं चांगलं लाकूड इंग्लंडला घरचं पुरत नव्हतं, ते युरोपातून यायचं. १४७२ मध्ये तिथे कायदाच झाला की बंदरात माल घेऊन येणाऱ्या जहाजाने दर टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणायच्या. हे ऐकून प्रशांत खूश झाला. त्याच्या टेबलावर आजवर फक्त पैसे भरले गेलेत, लाकूड कुणी भरलेलं नाही.

मग आली ड्युटी. मंदारने आपल्या हिशेबात ड्युटी फक्त ३६० वर धरली होती. प्रशांतने तिथल्या तिथे थांबवलं. आपल्याकडे कस्टम मालाच्या किमतीत भाडं आणि इन्शुरन्स मिळवून मग टक्के लावतं. म्हणजे ड्युटी ५१० अधिक इन्शुरन्सवर बसणार. वर कुरिअर कंपनीची क्लिअरन्स फी, आणि केवायसीचे कागद दिले नाहीत तर पार्सल गोदामात पडून राहण्याचे पैसे. भाडं दीडशे दिसतं, पण त्याच्यावरही कर चढतो, हे आधी कळलेलं बरं.

"शस्त्र म्हणून अडकवणार नाहीत ना?" मंदारने विचारलं.

"कस्टमच्या टॅरिफमध्ये, म्हणजे दरांच्या यादीत, शस्त्रांचं प्रकरण ९३. त्याच्या सुरुवातीलाच टीप आहे की धनुष्यबाण यात धरू नयेत, ते प्रकरण ९५ मध्ये, खेळाच्या सामानात. त्या माणसाला बिलावर स्पष्ट लिहायला सांग: खेळासाठीचं लाकडी धनुष्य, लाकूड अमुक, टोकांना शिंग असेल तर कुठल्या जनावराचं. नुसतं 'बो' लिहिलेलं बिल आलं की आम्हालाच ताप."

विनायकने सुचवलं, गिफ्ट म्हणून पाठवायला सांग, किंमत निम्मी टाकायला सांग. यावर प्रशांत पहिल्यांदा चिडला. गिफ्टची ड्युटीमाफी डिसेंबर २०१९ मध्येच गेली. जीवरक्षक औषधं आणि राखी, एवढीच सवलत उरली. आणि किंमत निम्मी दाखवली तर वाटेत मोडल्यावर इन्शुरन्सही निम्म्याचाच मिळणार. खोटं बिल करायला सांगून आपण त्या कारागिराला गोत्यात आणतो, ते वेगळंच. प्रशांतचं हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. आठवडेच्या आठवडे लाकूड तासत बसलेल्या माणसाला पहिल्याच मेलमध्ये खोटं लिहायला सांगायचं, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

त्यापेक्षा प्रशांतनेच सांगितलेली एक सरळ वाट बघा. ब्रिटनमध्ये व्हॅट २० टक्के आहे आणि देशाबाहेर जाणाऱ्या मालावर तो लागत नाही. ३६० मध्ये व्हॅट धरलेला असेल तर किंमत ३०० वर येते आणि भाड्यातले ६० पौंड तिथेच वसूल होतात. मात्र ९०,००० पौंडांच्या आत वार्षिक उलाढाल असलेल्याला व्हॅटची नोंदणी सक्तीची नाही. एकटा काम करणारा कारागीर बहुधा त्यातच बसतो, मग कमी करायला काही उरत नाही. विचारायला काय हरकत आहे?

मंदारचा मावसभाऊ दिवाळीत लंडनहून येतोय, त्याच्याबरोबर आणायचं का, हेही निघालं. विमान कंपनीला आधी कळवावं लागतं, दोन मीटरचा नग त्या विमानात घेतात का ते विचारावं लागतं आणि इथे उतरल्यावर जाहीर करावं लागतं. जमलं तर स्वस्त. पण भावाच्या सुट्टीप्रमाणे धनुष्य तयार होत नसतं.

एवढा वेळ गौरी गप्प होती. ती शाळेतल्या मुलांना धनुर्विद्या शिकवते आणि मंदार तिच्याच मैदानावर रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं स्पर्धेचं धनुष्य) मारतो. दोरी किती मागे ओढली जाते त्या मापाबद्दल तिने विचारलं, "ड्रॉ लेन्थ किती कळवलीस?"

"तीस इंच. रिकर्व्हवर तेवढीच आहे."

"लॉन्गबो हातात धरून कधी मोजलीस?"

मंदारकडे उत्तर नव्हतं. आमची खरी चर्चा इथे सुरू झाली असं मी मानतो. रिकर्व्हला क्लिकर (पूर्ण ओढलं की टक् वाजणारी पट्टी) असतो, हनुवटीखाली अँकर (ओढलेला हात टेकवायची जागा) असतो, पकड खोल असते. लॉन्गबोचं तसं नाही. हात किंचित वाकतो, अँकर गालावर किंवा ओठाच्या कोपऱ्यावर जातो आणि बहुतेकांची ड्रॉ लेन्थ कमी होते. धनुष्यावर '४५ पौंड, २८ इंचांवर' असं लिहिलेलं असतं. हे पौंड पैशाचे नाहीत, दोरी २८ इंच ओढल्यावर हातावर येणाऱ्या वजनाचे. तेच कमी ओढलं तर हातात भरतं कमी, जास्त ओढलं तर लाकूड जिवाला मुकतं. माप चुकीचं कळवलं तर कारागिराचा दोष नाही, गॅरंटी लागू होणार नाही, आणि परत पाठवायचं झालं तर पुन्हा भाडं.

मला वाटतं, सगळे जण भाड्यावर भांडत बसतात ते या भीतीपोटीच. कारखान्यातलं धनुष्य बदलून मिळतं. हाताने घडवलेलं एका माणसाच्या मापाचं असतं. दीडशे पौंड एकदा गेले तर सोसतात. माप चुकलं तर तेच दीडशे परतीला, आणि पुन्हा येताना. मग एवढ्या पैशात दुसरं धनुष्य झालं असतं, आणि विनायकचा 'लूट' हा शब्द खरा ठरेल. म्हणून माझं म्हणणं असं की भाड्याची घासाघीस दुसऱ्या दिवशी करा, पहिल्या दिवशी स्वतःचं माप काढा.

दत्ताकाका शेजारच्या चाळीत राहतात. आयुष्यभर सुतारकाम केलं. ते बराच वेळ उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "लाकूड कुठलं सांगितलंयस?"

"यू, काका. एकाच लाकडाचं, जोड नसलेलं." मंदारचा चेहरा हे सांगतानाच खुलला होता. आणि ते स्वाभाविक आहे. यूच्या खोडात बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो. निसर्गाने दोन थर जोडून दिलेले. पाठीकडे वर्षाचं एकच वलय अखंड ठेवत तासत जायचं, मग वाकवून बघायचं, जिथे ताठ आहे तिथे कानस फिरवायची, पुन्हा वाकवायचं. या टिलरिंगला घाई चालत नाही.

काका म्हणाले, "लाकूड उत्तम. पण तिथल्या थंडीतलं लाकूड इथल्या जुलैत आणणार तू. हवेतलं पाणी शोषणार, मऊ पडणार, वाकलेलं सरळ होणार नाही. चार वेगवेगळ्या पट्ट्या चिकटवून करतात का रे ते?"

करतात. पाठीला बांबू किंवा हिकरी, मध्ये आणि पोटाला दुसरी कठीण लाकडं. यू उकाड्यात ढिलं पडतं असं लॉन्गबोवाले स्वतःच सांगतात. पट्ट्यांचं धनुष्य आपल्या हवेला जास्त तग धरतं आणि त्याची किंमतही अखंड यूपेक्षा पुष्कळ कमी असते. मंदारला हे पटायला जड गेलं. मी काकांच्या बाजूचा आहे.

मग गौरीने टेकडाऊनचा विषय काढला. मुठीशी धातूची स्लीव्ह, म्हणजे नळी, घालून दोन तुकड्यांत होणारा लॉन्गबो. पार्सल एक मीटरचं: १०० गुणिले १५ गुणिले १२ भागिले ५०००, म्हणजे ३.६, वर ओढून चार किलो. लांबीचा अधिभार बहुतेक टळतो, पोस्टाचाही रस्ता खुला होतो.

"मधून कापलेलं धनुष्य मला नको," मंदार म्हणाला.

"मूठ वाकत नाही मंदार. भुजा तशाच राहतात. सकाळी करी रोडला गाडीत सहा फुटांचा पाइप घेऊन चढणार आहेस का तू?"

कापलेलं या शब्दाचं मंदारला वाईट वाटतं हे मला समजतं. तरी माझं मत गौरीसारखंच. स्लीव्हचे जादा पैसे लागतात, पण ते एकदाच, आणि धनुष्य रोज मैदानावर जाऊ शकतं.

विनायकने शेवटचा मुद्दा टाकला आणि तो आजवरचा त्याचा सगळ्यात चांगला मुद्दा होता. "पालघरकडे वारली, कातकरी लोक बांबूचा तिरकमठा करतात. आपल्याच लोकांकडून का नको?" गौरी म्हणाली, नक्की घे. आपल्याकडे बांबूच्या धनुष्याची इंडियन राउंड स्पर्धा होते. तिरंदाज लिंबा राम बांबूच्या धनुष्यावरच तयार झाला, दीपिका कुमारीसुद्धा. मंदारने वर्षभर तिरकमठ्यावर हात बसवावा, नुसत्या बोटांनी सोडायला शिकावं, मग इंग्लंडला माप पाठवावं. एकाच्या जागी दुसरं असं तिने म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. तिरकमठा करणाऱ्यालाही मात्र घासाघीस न करता पूर्ण दाम द्यायला हवा. परदेशी कारागिराला ३६० पौंड देणारा माणूस इथल्याला दोनशे रुपयांसाठी अडवून धरतो, हे मी मैदानावर पाहिलंय आणि मला त्याचा संताप येतो.

मंदार वर्षभर थांबणार नाही. तेवढा धीर त्याच्यात नाही आणि सगळ्यांनी तो धरावा असंही नाही. पण तिथेच फोनवर त्याने नवा मेल लिहिला: पट्ट्यांचं धनुष्य, स्लीव्ह घालून किती पडेल, व्हॅट धरला आहे का, वाटेत मोडलं तर भाडं कोण भरेल, गॅरंटीत परतीचं भाडं येतं का, आणि पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात पाठवता येईल का. गौरी त्याला ओळखीच्या एकाचा लॉन्गबो देऊन ड्रॉ लेन्थ मोजणार आहे. तो आकडा हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवायची नाही, हे त्याने कबूल केलंय. विनायकला दीडशे पौंड अजूनही जास्तच वाटतात.