पंजांचं काय?

परवा रात्री आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर निरोप आला : 'लहान मुलांच्या वर्गाची हजेरी आणि बिस्किटं यापुढे टीचर पाहतील. गोष्ट सांगण्याची जबाबदारी तूर्त दुसऱ्यांकडे.' खाली जोडलेले हात, एक कबूतर, आणि कुणीतरी घाईत टाकलेला वाढदिवसाचा केक. बायबलातला दानीएल माझ्याकडून काढून घेतला आणि हातात ग्लुकोजचे पुडे दिले, ही बातमी अख्ख्या गावाला माझ्याआधी कळली, कारण मी तेव्हा भाकरी थापत होते.

गाव राहुरीच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही. सांगितलं तर चर्चचा कारभार पाहणारे पंच ओळखतील. चहूकडे ऊस आहे, एवढं पुरे.

संडे स्कूलच्या पुस्तकात यंदा 'भीती वाटते तेव्हा देवावर भरवसा' असा धडा-संच आहे. वादळ, दावीदाने गोफणीने पाडलेला धिप्पाड गल्याथ, आगीची भट्टी आणि सिंहांची गुहा. वादळ शांत गेलं. गालील समुद्र मुलांच्या डोळ्यांपुढे येईना, पण एवढ्या वादळात प्रभू उशी घेऊन झोपला होता हे त्यांना फार आवडलं. गल्याथ जरा जास्तच चांगला गेला. आमच्याकडे ज्वारी राखायला अजून गोफण फिरते, त्यामुळे दावीदाने गोटा कसा भिरकावला ते मुलांनीच मला दाखवलं, आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी सोलर पॅनेलची काच गेली. भट्टीला त्यांनी 'गुऱ्हाळाएवढी होती का?' एवढंच विचारलं. शद्रख, मेशख, अबेद्नगो ही भट्टीत टाकलेल्या तिघांची नावं पाठ करण्यातच तास संपला.

पाठांतराचं वचन बायबलातल्या यशयाच्या पुस्तकातलं, ४१:१०. 'तू भिऊ नकोस, कारण मी...' इथपर्यंत मी म्हणायचं आणि पुढचं मुलांनी. दर रविवारी सगळा वर्ग एका सुरात पूर्ण करतो : 'तुझ्या पाठीशी आहे!' आता नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक रिक्षाच्या आणि टेम्पोच्या मागे ते लिहिलेलं असताना मी यशयाला कुठवर टिकवणार? अक्कलकोटची गादी माझ्या वर्गावर भारी पडते. मूळ वचन 'तुझ्याबरोबर आहे'; ते सुचवायला मी 'बरोबर आहे' म्हणते, तर मुलांना वाटतं मी त्यांना शाबासकी देते आहे.

तर त्या रविवारी दानीएल. वर्ग चर्चच्या मागच्या व्हरांड्यात भरतो. आत मोठ्यांची उपासना, बाहेर आम्ही. माझ्याकडे गोष्टीतली चित्रं चिकटवायचा फ्लॅनेलचा बोर्ड आहे, मिशनच्या काळातला. त्यातल्या सिंहांपैकी एकाला शेपूट नाही आणि एकाचा चेहरा इतका प्रेमळ आहे की त्याला गुहेत न ठेवता पाळण्याजवळ बसवावा. दानीएल मात्र देखणा, काळ्याभोर दाढीचा, तिशीतला. हे साफ चूक आहे. बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेला तेव्हा तो पोरगा होता आणि गुहेत टाकला तोवर मध्ये साठ-सत्तर वर्षं उलटून गेली होती. म्हणजे दारयावेश राजाने ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला सिंहांपुढे टाकलं. पण ज्याने कुणी ही चित्रं छापली, त्याला म्हातारा परवडला नसावा.

मी रंगात आले होते. एकशे वीस प्रांताधिकारी, त्यांची कारस्थानं, तीस दिवस राजाखेरीज कुणाकडे काही मागायचं नाही हा हुकूम. दानीएल घरी गेला, यरुशलेमेकडची खिडकी उघडी टाकली आणि रोजच्यासारखा गुडघे टेकून...

"टेकायचं नाय."

मागे वळून पाहिलं. फॉरेस्टवाले आबा. वनखात्यात गार्ड होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण खाकी पँट अजून सुटलेली नाही. उपासनेला फक्त नाताळात येतात. त्या दिवशी नातवाला सोडायला आले आणि व्हरांड्याच्या कठड्यावर टेकून राहिले.

"काय म्हणालात, आबा?"

"गुडघं टेकायचं नाय, बाई. पोरांना सांगून ठेवा. वाकल्याला, बसल्याला मानूस बिबट्याला शेळीएवढा दिसतो. हुभा मानूस त्याच्या हिशेबात बसत न्हाई."

"आबा, हा दानीएल आहे. तो घरात प्रार्थना करतोय."

"खिडकी उघडी हाये म्हनला ना तुमी?"

यावर काय बोलणार? मुलं एव्हाना माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी गोष्ट पुढे रेटली. दानीएलाला गुहेत टाकलं, तोंडावर धोंडा ठेवला, राजाने मोहोर केली, राजाला रात्रभर झोप नाही, जेवण नाही. सकाळी धावत आला. आतून आवाज, देवाने आपला देवदूत पाठवून सिंहांची तोंडं बंद केली.

"तोंडं बंद केली," आबा म्हणाले. "बरं. पंजांचं काय?"

"म्हणजे?"

"तोंड बंद झालं तरी पंजा चालतोच की. बिबट्या आदी पंजानं खाली पाडतो. मला हितं बसलाय." आणि त्यांनी शर्टाची बाही वर केली. दंडावर चार ओरखड्यांचा जुना वण. बस. माझा शेपूट नसलेला सिंह त्या क्षणी बोर्डावरून आपणहून गळून पडला, हे मी शपथेवर सांगते. तीस चाळीस वर्षं फ्लॅनेलला चिकटलेला प्राणी, त्यालाही कळलं.

मग मुलांनी आबांना घेरलं. दुखलं का? रक्त किती आलं? सिंह मोठा की बिबट्या? आबा म्हणाले, सिंह आपल्याकडं न्हाई, तो गुजरातेत, गीरला. मी घाईने घुसले, की दानीएलाच्या काळी बाबेलात सिंह होते, तिथल्या राजरस्त्याच्या भिंतींवर विटांमध्ये सिंह काढलेले होते, अश्शूरचे राजे त्यांची शिकार करायचे. इतकी तयारी करून आले होते मी. कुणी मान वळवली नाही. विटांतल्या सिंहाला कोण विचारतो?

आबांनी मग टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या बिबट्याची गोष्ट काढली. २००९ साल. वर काढला, गळ्यात पट्टा अडकवला, माळशेज घाटात सोडला. तर हा गडी चालत निघाला. रस्ते ओलांडत, माणसांच्या वस्त्यांना वळसे घालत मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चाल. वाटेत कुणा माणसाच्या अंगावर गेला नाही. त्याला नाव पडलं 'आजोबा'. हे ऐकून मुलं आबांकडे अशी बघायला लागली की तो बिबट्या म्हणजे आबाच. घरी येऊन मी सगळं शोधून पाहिलं, निदान एक तरी गोष्ट खोटी निघावी म्हणून. एकही निघाली नाही. माणसाने इतकं खरं बोलू नये.

एवढ्यात पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "आबा, तुम्हाला भीती वाटायची?"

माझा जीव भांड्यात पडला. हाच तर धड्याचा विषय! मी त्यांना खुणावलं, 'देवावर भरवसा' म्हणा.

"वाटायची म्हंजी? पाय लटलट कापायचं."

"मग?"

"मंग तेविसावं स्तोत्र म्हनायचं."

मला भरून आलं. नाताळापुरता येणारा माणूस, पण आत कुठेतरी...

"मोठ्यांदा म्हनायचं," आबा म्हणाले. "पार बेंबीच्या देठापास्नं. मानसाचा आवाज आला की बिबट्या वाट सोडतो. काही बी म्हना, चालतं. मोबाइलवर गानी लावली तरी चालतं. आपल्याला तेविसावं येतं म्हनून तेविसावं."

"पाहिलंत ना, मुलांनो, देवाचं वचन..." मी सावरायला गेले.

"म्हना बघू," आबांनी फर्मान सोडलं. "हुभं ऱ्हावा. डोळं उघडं. हाती बॅटरी हाये असं धरा. परमेश्वर माझा मेंढपाळ हाये!"

आणि सगळा वर्ग उभा राहून, डोळे फाडून, उसाच्या दिशेने हात रोखून ओरडायला लागला. 'मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही!' 'अरिष्टाला' या शब्दावर तर अशी आरोळी उठली की कडुलिंबावरचे कावळे उडाले. इतकं शुद्ध, न अडखळता पाठांतर माझ्या वर्गाने आजतागायत केलेलं नाही, आणि तेही यशयाचं वचन रिक्षाला जोडणाऱ्या याच मुलांनी.

आत त्या वेळी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, चालू होतं. पहिला रविवार. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ शेजारी शेजारी गुडघे टेकून बसलेले, पाळकसाहेबांच्या हातात प्याला. तेवढी एकच घटका चर्चमध्ये खरी शांतता असते. एक पंच बाहेर आले. त्यांनी आबांकडे पाहिलं नाही. आबांकडे कोण डोळे वर करून पाहणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

इथेच संपलं असतं तरी मी सोसलं असतं. पण जाता जाता आबांनी विचारलं, "त्या चहाडखोरांचं काय झालं, ते सांगितलं का पोरांना?"

ते कुणीच सांगत नाही. दानीएलाच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायातलं चोविसावं वचन मुलांच्या पुस्तकात नसतंच. राजाने दानीएलाच्या वैऱ्यांना त्याच गुहेत टाकलं, बायकामुलांसकट, आणि ती तळाशी पोचायच्या आत सिंहांनी त्यांची हाडं चुरली. आबांनी ते सांगितलं. वर पुरवणीही जोडली : "म्हंजी शिंव्हं उपाशी व्हतं. पोट भरलेलं व्हतं म्हनून सोडला, असं न्हवतं." पुराव्याच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड आहे. पाळकसाहेबांच्या उपदेशातही मी तो कधी ऐकला नव्हता.

आबांच्या नातवाने, जो तोवर एक अक्षर बोलला नव्हता, मला विचारलं, "टीचर, त्या मुलांनी काय केलं होतं?"

"बिस्किटं कोणाला हवीत?" मी म्हणाले.

संध्याकाळपासून तक्रारी सुरू झाल्या. एकीचा मुलगा जेवणाआधीच्या प्रार्थनेला डोळे मिटेना. दुसरीच्या मुलीने आजीला गुडघे टेकलेलं पाहून हाताला धरून उठवलं. आजींचे गुडघे आधीच कामातून गेलेले. एका घरी रात्री परसाकडे जाताना तेविसाव्या स्तोत्राचा असा गजर झाला की शेजाऱ्यांना वाटलं कुणी वारलं. म्हणून पंचांची बैठक, आणि म्हणून तो निरोप.

बैठकीत मी होते. 'मुलांच्या मनात भीती घातली' असं माझ्यावर ठेवलं गेलं. भीती मी घातली? शेतीची लाइट रात्रीची असते. त्या मुलांचे बाप मध्यरात्री बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातात, आया दारात बसून राहतात, आणि पोरं गोधडीत जागी असतात. शाळेची वाट उसातून. चर्चपासून फाट्यापर्यंत खांब आहेत, त्यांवर दिवे नाहीत; त्याचा अर्ज पंचांच्याच कपाटात आहे, मीच लिहिलेला. सिंहाच्या गोष्टीने ही मुलं घाबरतील असं वाटणाऱ्यांनी एकदा त्यांच्याबरोबर संध्याकाळी सातला फाट्यावरून चालत यावं. स्तोत्र कोणतंही म्हणा.

संडे स्कूल काढलं इंग्लंडात ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्सने, १७८० साली. सहा दिवस कामाला जुंपलेली गरिबाची पोरं सातव्या दिवशी रस्त्यावर धुडगूस घालत, म्हणून. त्याने शिकवायला बायका नेमल्या आणि त्यांना पगार दिला. ही शेवटची गोष्ट मी बैठकीत मुद्दाम सांगितली. पंच म्हणाले, छान माहिती आहे, नाताळच्या अंकाला द्या.

आता गोष्टीची जबाबदारी 'दुसऱ्यांकडे' म्हणजे कुणाकडे, ते काल कळलं. येत्या रविवारी फॉरेस्टवाले आबांचं विशेष मार्गदर्शन आहे. विषय : 'बिबट्या, भीती आणि विश्वास'. मुलांचा हट्ट होता म्हणे, आणि पालकांनाही ते 'उपयोगी' वाटलं. ज्याने आरोळी ठोकायला लावली त्याला आमंत्रण, आणि मला बिस्किटं. पाळकीणबाई समजावायला आल्या, "मनाला लावून घेऊ नका हो, तुमचा आवाज लहान आहे, एवढंच."

आबांचा फोन मात्र मलाच आला. दाखवायला एक मोडका पिंजरा मिळतोय, तो आणायचा आहे, टेम्पो लागेल. भाडं संडे स्कूलच्या फंडातून द्यावं असं पंचांचं म्हणणं. त्या फंडात फक्त बिस्किटांचे पैसे आहेत, असं मी सांगितलं.

"मंग बिस्किटं ऱ्हाऊ द्या या बारीला," आबा म्हणाले. "आन् बाई, तुमी जरा लवकर या. पिंजऱ्यात शेळीच्या जागी कुनाला तरी बसवून दाखवावं लागंल. पोरांना नको, भितील."